रोट खाल्लेला पाहुणा

श्रावणात कानबाई देवी बसते त्या दिवशी घरात परका माणूस बोलवायचा नसतो, हे प्रेमराजला कुणी शिकवायची गरज नव्हती. तो दोंडाईच्याच्या याच घरात वाढला होता. पण सुरतच्या गाण्याच्या कंपनीचा माणूस नेमका रविवारीच मोकळा होता, आणि चालून आलेला माणूस हातचा जाऊ द्यायला प्रेमराज तयार नव्हता. गंमत अशी, की मागच्या श्रावणात याच ओट्यावर उभं राहून त्याने पुतणीला सुनावलं होतं, स्टेजवर माइक धरून फिरणाऱ्या पोरी आपल्या भाऊबंदकीत आजवर झाल्या नाहीत आणि होणारही नाहीत. आज तोच प्रेमराज सकाळपासून ओटा धुऊन घेत होता, पंख्याची पाती पुसून घेत होता आणि पुतणीला दर थोड्या वेळाने चहा हवा का म्हणून विचारत होता. पुनमला त्या चहाची धास्तीच बसली होती.

ती आणि तिची आई बेबाबाई जळगावहून, पिंप्राळ्यातल्या आपल्या दोन खोल्यांना कुलूप लावून, आदल्या दिवशीच्या गाडीने आल्या होत्या. कानबाईच्या प्रसादाचे रोट खायला माणूस कुठेही असो, घरी यावंच लागतं. प्रेमराजचा भाऊ झुलाल गेला तरी त्याची बायको आणि मुलगी या घराचीच होती. मात्र शुक्रवारी रोटांचे गहू मोजताना प्रेमराजच्या म्हाताऱ्या आईने, भिकुबाईने, रिवाजाप्रमाणे घरातल्या पुरुषांच्याच नावाने सव्वा सव्वा मूठ टाकली होती. प्रेमराजची एक, त्याच्या मुलाची, अखिलची एक. पूर्वी तिसरी मूठ झुलालची पडायची. तो गेल्यापासून पिंप्राळ्याच्या घराची मूठ बंद झाली होती. कुणी मुद्दाम बंद केली नव्हती, पण पुनम काही एवढी भोळी नव्हती की तिच्या ध्यानात येऊ नये.

पुनम अहिराणी गाणी करायची. स्वतः लिहायची, स्वतः चाल लावायची, स्वतःच गायची आणि मोबाइलवर चित्रीकरण करून आपल्या चॅनेलवर टाकायची. पाठीशी कंपनी नाही, गॉडफादर नाही. नंदुरबारपासून मुक्ताईनगरपर्यंत हळदी, जत्रा, गणपती, जिथून फोन येईल तिथे पिकअपमध्ये साउंडचे खोके टाकून निघायचं. पिकअपवाला पुढे बसायला सांगायचा तर ही खोक्यांपाशी मागे बसायची, का, तर एखादा खोका पडला तर भरून कोण देणार. बेबाबाई दार उघडं ठेवून वाट बघत बसायची. या पोरीचा पाय घरात टिकत नाही, असं गल्लीत म्हटलं जायचं आणि ते खरंच होतं. एका गावात कार्यक्रम चालू असतानाच तिच्या डोक्यात पुढच्या गावाचा रस्ता सुरू व्हायचा.

तिचं सगळ्यात गाजलेलं गाणं म्हणजे या घराचंच कानबाईचं गाणं. भिकुबाई ते जात्यावर आणि देवीपुढे गायची. जुनी कडवी तीन. चौथं पुनमने केलं, एका जत्रेहून परतताना, पिकअपच्या मागे बसून.

मन्हा पायले नही उंबरा, मन्हा उंबराले नही नाव,
कानबाई माय तू सांग, मन्हं कोनतं वं गाव?

लोकांनी पहिली तीन कडवी ऐकली आणि चौथं उचललं. या श्रावणात दोंडाईच्यात ज्या ज्या घरी कानबाई बसली होती, त्या त्या घरातून हेच वाजत होतं. सुरतेच्या खानदेशी वस्त्यांतून तर इतकं वाजलं, की कंपनीने माणूस पाठवला.

माणसाचं नाव निर्मलकुमार. तो दुपारी रिक्षातून उतरला तेव्हा प्रेमराज रस्त्यापर्यंत सामोरा गेला. निर्मलकुमार मारवाडी जैन, आता सुरतचा, पण त्याच्या वडिलांचं कापडाचं दुकान एके काळी दोंडाईच्यातच होतं. त्यामुळे तो ओट्यावर टेकता टेकता अहिराणीत म्हणाला, "राम राम नाना, गाव ते वळखूच नही येस." प्रेमराज तिथेच विरघळला. अखिलने, ज्याला कंपनी पुनमचे कार्यक्रम सांभाळायला नोकरीवर घेणार होती, सतरंजीवर कागद मांडले.

निर्मलकुमारने सगळं नीट समजावून सांगितलं. त्याला खोटं बोलायची सवय नव्हती, निदान पहिल्या भेटीत तरी. चॅनेल आणि सगळी गाणी कंपनीकडे येतील. स्टुडिओ कंपनीचा, वाजवणारे कंपनीचे, कार्यक्रमाला न्यायला-आणायला गाडी. चेहरा पुनमचा, आवाज पुनमचा. फक्त कानबाईच्या गाण्याखाली, जिथे शब्द आणि चाल कुणाची ते लिहितात, तिथे 'पारंपरिक' असं येईल.

पुनमने विचारलं, चौथं कडवं माझं आहे, मग तिथे माझं नाव का नाही.

निर्मलकुमार म्हणाला, एक नाव लिहिलं की उद्या दहा घरं उभी राहतील, हे आमच्या आजीचं म्हणून. वकील नको, भानगड नको. पारंपरिक लिहिलं की गाणं सगळ्यांचं.

"सगळ्यांचं म्हणजे तुमचं," पुनम म्हणाली.

प्रेमराजने घसा खाकरला. पोर लहान आहे, शेठ, तुम्ही मनावर घेऊ नका, असं काहीतरी तो बोलला. पोर सत्तावीस वर्षांची होती आणि तिच्याच गाण्याचा सौदा चालला होता, पण ओट्यावर पुरुष बसले की असं होतं. अखिल पुटपुटला, "ताई, नावाने काय होतं, लोक तर तुलाच ओळखतात ना." त्याचा स्वर प्रामाणिक होता. भाऊ म्हणून तो वाईट नव्हताच. पुण्यात दोन नोकऱ्या सोडून घरी बसलेल्या पोराचा जेवढा जीव कासावीस होतो तेवढा त्याचा होत होता, इतकंच.

पुनमने आधारासाठी आईकडे पाहिलं.

बेबाबाई आतल्या दाराला टेकून उभी होती. मागच्या वर्षी प्रेमराज नाही नाही ते बोलला तेव्हा हीच बाई मध्ये पडली होती. माझ्या लेकीचा गळा तिच्या बापाचा आहे, तो कुणाच्या परवानगीने वाजणार नाही, असं दिराच्या तोंडावर म्हणाली होती. पण आज तिच्या कानांत एकच शब्द घोळत होता, गाडी. कंपनीची गाडी नेईल आणि आणून सोडेल. दार उघडं ठेवून बसायला नको. पिकअप कुठे उलटली तर नसेल, असा विचार करत भिंतीकडे बघायला नको. नवरा असाच प्रवासात गेला होता. ती थकली होती, आणि आपण थकलोय हे लेकीला सांगायची तिला लाज वाटत होती.

"कर सही," बेबाबाई म्हणाली. "नावाचं काय घेऊन बसलीस."

पुनमला हे काकाकडून चाललं असतं, अखिलकडून चाललं असतं. आईकडून नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते तिने खाली मान घालून कागदावरच्या अक्षरांत लपवलं.

आता स्वयंपाकघरात काय चाललं होतं ते सांगायला हवं, कारण खरा घोटाळा तिथे झाला.

प्रेमराजची बायको सुनंदाबाई चुलीपुढे घामाघूम झाली होती. जैन पाहुणा, त्यातून चातुर्मास. म्हणजे कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही, पालेभाजी नाही, आणि सूर्य मावळायच्या आत जेवायला बसवायचा. आमटीत लसूण पडला होता. भाजीत बटाटा होता. पुरणपोळ्या पोरासोरांनी संपवल्या होत्या. ओट्यावरून प्रेमराजच्या हाका येत होत्या, काय झालं ताटाचं, शेठना गाडी आहे. सुनंदाबाई मनात एकेक जिन्नस घेऊन, हे चालेल का, ते चालेल का असं करत सगळं घर पालथं घालत होती. आणि मग तिला झाकलेली टोपली दिसली. शुद्ध गव्हाचं, तूप, गूळ, बाकी काही नाही. तिने सुटकेचा श्वास सोडला. दोन जाड पोळ्या ताटात घातल्या, वर तुपाची धार धरली, वाटीत दूध दिलं. दुसऱ्याच्या धर्माची एवढी काळजी घेतली बाईने, की स्वतःच्या घरचा एकुलता एक नेम साफ विसरली.

ते कानबाईचे रोट होते. पुरुषांच्या नावाने मोजलेल्या गव्हाचे, देवीला दाखवलेले. रोट भाऊबंदकीबाहेर जात नाही. सासरी गेलेल्या लेकीलाही देत नाहीत. उरला तर घरच्यांनीच संपवायचा, कणभरसुद्धा उंबऱ्याबाहेर टाकायचा नाही. सुनंदाबाई हा नेम लग्न होऊन आल्यापासून पाळत आली होती.

निर्मलकुमारला भूक लागली होती. त्याने एक रोट संपवला, बोटं चाटली आणि दुसऱ्याचा तुकडा मोडला. तेव्हाच भिकुबाई देवीपुढून उठून, दिव्यात तेल घालून, ओट्यावर आली. म्हातारीची नजर चांगली होती. तिने ताट पाहिलं, मग सुनेकडे पाहिलं. दारातल्या सुनंदाबाईने पदर तोंडाला लावला.

प्रेमराजच्याही ध्यानात आलं. शेठला थांबवावं तर अपमान, खाऊ द्यावं तर देवीचा कोप. तो अर्धा उठला आणि तसाच अर्धा उठलेला राहिला. निर्मलकुमार तुकडा हातात धरून सगळ्यांची तोंडं बघत होता.

भिकुबाई त्याच्या समोर बसली. "खा," ती म्हणाली. "ताटमा ठिऊ नको. बठ्ठं खा."

त्याने खाल्लं. मग हळूच विचारलं, "माय, काय चुकनं का?"

भिकुबाईने त्याला रोट म्हणजे काय ते सांगितलं. शांतपणे सांगितलं. निर्मलकुमार व्यापाऱ्याच्या घरातला होता, त्याला नेमाधर्माची किंमत कळत होती, त्याचा चेहरा उतरला. तो हात जोडून म्हणाला की जो काही दंड, प्रायश्चित्त असेल ते करतो.

"दंड कसाना?" भिकुबाई म्हणाली. "तू रोट खादा, तू आते घरना व्हयना. पुढला साल तुन्हा नावनी सव्वा मूठ मी टाकसू. तू ये, नही ये, तुन्ही मर्जी." मग तिने सतरंजीवरच्या कागदांकडे हात केला. "पन मंग हाई काय मांडं शे? घरना माणूस घरनं गानं इकत लेस का रे भाऊ?"

अखिलने कपाळावर हात मारून घेतला. प्रेमराज आईला समजावू लागला, की तो वेगळा विषय, हा वेगळा. पण निर्मलकुमारला हसू आलं होतं. एवढ्या सौद्यांत त्याला असं कुणी पकडलं नव्हतं. तो म्हणाला, घरचा म्हणून सांगतो, माय, आमच्या कंपनीने नाही घेतलं तर दुसरी कुणीतरी असंच गाणं करून टाकेल, मग पोरीच्या हाती काय राहील. खरीच गोष्ट होती ती.

आणि मग पुनम बोलली. ती आजीकडे वळून बोलली, आणि तिचा आवाज चढलेला होता.

"एक रोट खाल्ला तर याच्या नावाची मूठ. मी जन्मापासून खातेय. माझ्या नावाची कुठेय, आजी? गव्हात नाही, कागदावर नाही. मग हा तरी काय वेगळं मागतोय?"

कागद उचलून ती परसात निघून गेली. भिकुबाईने तिला हाक मारली नाही. निर्मलकुमार म्हणाला की तो आज गावातच जुन्या ओळखीच्यांकडे थांबेल, उद्या दुपारच्या गाडीआधी उत्तर न्यायला येईल. जाताना त्याने भिकुबाईच्या पायांना हात लावला, घरच्यासारखा.

सोमवारी सकाळी कानबाई विसर्जनाला निघाली. पाटावर सजवलेला नारळ, नथ, हिरवा खण, पुढे वाजंत्री, मागे बायका. गल्लीगल्लीतल्या कानबाया नदीच्या रस्त्याला एकत्र येत गेल्या. पुनम गर्दीत होती पण कुणाशी बोलत नव्हती. सही करून टाकावी, गाडीत बसावं आणि या गावात पुन्हा येऊ नये, असं तिच्या मनाने जवळजवळ घेतलं होतं. तिच्या पिशवीत कागद होता. पेनही होतं.

नदीवर बायका फेर धरून गायला लागल्या. तीन कडवी झाली आणि सगळ्यांनी मिळून चौथं सुरू केलं. मन्हा पायले नही उंबरा. कुणी पुढाकार घेतला नव्हता, कुणी पुनमकडे बघितलंही नाही. त्यांना ते येतच होतं. शेजारच्या गल्लीतल्या ताईबाईने तर गाऊन झाल्यावर पुनमला बाजूला घेऊन सांगितलं, की बाई, तू मोबाइलमध्ये हे कडवं फार भरभर म्हणतेस, असं नसतं म्हणायचं, आम्ही लहानपणापासून संथ म्हणत आलोय. पुनमने भिकुबाईकडे पाहिलं.

भिकुबाई म्हणाली, "हां मंग. मन्ही माय बी संथच गाये."

पुनमला संताप आला. परतीच्या रस्त्यावर ती म्हातारीच्या बरोबरीने चालत राहिली, आणि बायका थोड्या पुढे गेल्यावर तिने दबल्या आवाजात विचारलं.

"आजी, तुझी माय गायची? ते मी केलंय. तुला माहीत नाही का?"

"माले म्हाईत नही?" भिकुबाई थांबली. "तुन्हा आवाजमा पयल्यांदा आयकं तवाच समजनं. मन्ही मायले इतलं दुख नव्हतं, तिले उंबरा व्हता."

"मग खोटं का बोललीस?"

भिकुबाई पुन्हा चालायला लागली. तिला दम लागत होता म्हणून ती तुटक तुटक बोलत होती. मागल्या कानबाईला तिने हे कडवं पहिल्यांदा बायकांपुढे म्हटलं होतं. नातीने केलंय म्हणून सांगितलं असतं तर बायकांनी वा वा म्हटलं असतं, पोर हुशार आहे म्हटलं असतं आणि घरी गेल्या असत्या. "नातनं शे सांगं असतं ते त्यास्नी आयकं असतं. जूनं शे सांगं, म्हनीसन त्या गायन्यात. गानं आयकाले करं का गावाले करं, तूच सांग."

पुनमला हे पटलं आणि त्याचा रागही आला. तिने तो राग बोलून दाखवला. म्हणजे तूही तेच केलंस, ती म्हणाली, कंपनी कागदावर पारंपरिक लिहिते, तू तोंडाने म्हणतेस. माझं नाव दोन्हीकडे नाही.

"नाव पाहिजे ना तुले?" म्हातारी म्हणाली. "मंग ते कागदवर काबरं लावस? कागदवरनं कोनी बी खोडी टाकी. गानामा लाव. आम्हीन भाऊनं नाव लावूत, धनीनं लावूत, कोनी काढं का? पुढलं कडवं कर. थांबी कसाले गयी?"

पुनम खरोखरच थांबली, रस्त्यात. समोरून नदीकडे निघालेली एक कानबाई तिला वळसा घालून गेली. खोक्यांपाशी बसून, धूळ खात, गाणी करायची तिला सवय होती. उभ्या उभ्या, वाजंत्रीच्या गोंगाटात, पिशवीत तो कागद असताना कधी केलं नव्हतं. तिने दोनदा ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिलं. मग भिकुबाईच्या कानाशी म्हटलं. भिकुबाईने एक शब्द हलवला, डोकं डोलावलं आणि त्याच सुरात, आपल्या फाटक्या पण खणखणीत आवाजात, पुढच्या बायकांना ऐकू जाईल असं म्हटलं.

झुलालनी आंडेर पुनम, गानामा लेस नाव,
जठे गातीन बठ्ठ्या बाया, तठे मन्हं गाव.

'झुलालची लेक पुनम' हे ऐकून पुढच्या बायकांनी वळून पाहिलं. ताईबाईने ते एकदा ऐकलं, दुसऱ्यांदा संथ लयीत स्वतःच म्हटलं, आणि मग ते पुढे पुढे गेलं, चौकाकडे, त्या त्या गल्लीच्या बायकांबरोबर वळत.

चौकात निर्मलकुमार बॅग घेऊन उभा होता, शेजारी प्रेमराज आणि अखिल. पुनमने पिशवीतून कागद काढून सही न करताच त्याच्या हातात दिला. प्रेमराज काहीतरी बोलायला गेला, पण रस्ताभर आपल्या मेलेल्या भावाचं नाव चाललंय हे त्याच्या कानांवर आलं आणि त्याचा शब्द तोंडातच राहिला. अखिल मान खाली घालून बुटाने माती उकरत होता. पुनम त्याला म्हणाली, पिकअपमध्ये पुढची सीट रिकामीच असते, बसायचं असलं तर ये.

निर्मलकुमारने कान देऊन कडवं ऐकलं. नावच गाण्यात आलं, कंपनीला आता हे पारंपरिक म्हणून लावता यायचं नाही, असं तो म्हणाला, आणि त्याला त्याचं फार वाईट वाटलेलं दिसलं नाही. कागद घडी करून खिशात ठेवताना त्याने भिकुबाईला विचारलं, "माय, मग माझी मूठ?"

"ती ते टाकसूच," भिकुबाई म्हणाली. "खादं शे ना तू."

बेबाबाई मागे राहिली होती. तिच्या हातात देवीची रिकामी परडी होती. घरात झुलालचा विषय निघाला की सगळे आवाज खाली करायचे, तीही करायची. आणि आता पंचवीस-तीस बायका, ज्यांतल्या निम्म्यांनी त्याला पाहिलंही नव्हतं, भर चौकात त्याचं नाव घेऊन गात चालल्या होत्या. ती रडत होती आणि तिने डोळे पुसले नाहीत. पुनम जवळ आली तेव्हा तिने लेकीचा दंड धरला.

पुनमला वाटलं, आता आई गाडीबद्दल बोलणार.

"पुन्हा म्हण," बेबाबाई म्हणाली. "मला पाठ करायचंय."

पुनमने म्हटलं. बेबाबाईला चाल एकदम जमली नाही, तिने मध्येच सोडून पुन्हा पहिल्यापासून धरली.